आजोबांची दोन बटणं

भाचीच्या लग्नात कोण कुठे बसणार, हे शिवणकाम करणाऱ्या मावशीने चक्क बटणं मांडून ठरवलं. पाहुण्याचा होकार आला की एक बटण मेजावर. दोन्ही मामांमध्ये विस्तव जात नव्हता, तरी त्यांना तिने एकाच टेबलावर बसवलं आणि मध्ये ठेवलं बहिऱ्या आजोबांचं बटण. आजोबांचंच आणखी एक बटण स्वतःशेजारी ठेवलं.

“आजोबांना दोन खुर्च्या?” भाचीने विचारलं.

“तू नवरी आहेस ना? मग गुमान नट!”

लग्नात मोठा मामा धाकट्याच्या कागाळ्या आजोबांच्या कानाशी ओरडून सांगू लागला. धाकट्याला त्या ऐकू जाणारच! तोही आजोबांच्या दुसऱ्या कानाशी ओरडला. शेवटी आजोबा वैतागले.

“मला कशाला मध्ये कोंबलंय? एकमेकांशी बोला की!” म्हणत ते ताट घेऊन उठले.

मावशीने शेजारची खुर्ची आधीच ओढून ठेवली होती. “या बाबा,” ती हसली, “जेवण गार होतंय.”