सुमनबाईंच्या मापाचं घर

सुमनबाई स्वतःची जागा दाखवायला आल्या त्या घडीची खुर्ची काखेत मारून. साताऱ्याहून ठोसेघरकडे जाताना उतारावर त्यांनी जमिनीचा तुकडा घेतला होता. खाली उरमोडी धरणाचं पाणी, बांधाला एक जुनं जांभळाचं झाड. मी मोजपट्टी घेऊन तयार उभी, पण बाईंचं माझ्याकडे लक्षच नाही. खुर्ची गवतात मांडली, बसल्या, समोर बघत राहिल्या. मग उठून दुसरीकडे मांडली. सगळं रान असं बसून झालं तेव्हा जांभळाजवळून त्यांनी हाक मारली, "पोरी, हितं खिडकी. आता हिच्यामागनं घर चालू कर."

मी घरांचे नकाशे काढून पोट भरते. लोक येतात ते हॉल केवढा आणि गाड्या किती मावतील हे विचारत. खिडकीपासून घर सुरू करणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं.

बाई सांगली जिल्ह्यातल्या, कृष्णाकाठच्या. लग्नानंतर लवकरच नवरा गेला. थोरल्या भावानं, अण्णांनी, त्यांना सासरहून परत आणलं, शिकवलं, मास्तरीण केलं. तेव्हापासून त्या भावाच्या घरी. शाळेची सहल दरवर्षी सज्जनगड करून ठोसेघरला यायची. पोरं धबधबा बघायची आणि बाई हा उतार बघायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो घेतलाच.

त्यांना एकच खोली हवी होती. तिला लागून लहानसं स्वयंपाकघर, न्हाणी, बस्स. मी आपलं सवयीनं म्हटलं, "बाई, पाहुणे आले तर?"

"पाहुण्यांनी चहा प्यायचा आन् घरी जायचं."

"पुढं-मागं एखादी खोली काढायला तरी जागा ठेवूया."

"ब्लाउज शिवताना आत कापड राखतात बघ, पुढं अंग भरलं तर उसवायला. तसलं काय ठेवू नकोस. मी आता वाढणार न्हाई." आणि स्वतःच हसल्या.

बाई अंगानं एवढ्याशा. शाळेतल्या खुर्चीत त्यांचे पाय कधी जमिनीला टेकले नाहीत, भावाच्या घरातल्या सोफ्यावरही नाहीत. "जलमभर पाय लोंबकळत बसलीय," त्या म्हणायच्या. म्हणून खिडकीतली बैठक आम्ही त्यांना तिथं बसवून, गुडघ्यापर्यंत माप घेऊन ठरवली. ओटा त्यांच्या कमरेच्या उंचीचा, फळ्या त्यांचा हात पोचेल तिथं. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, आणि झाड वाचावं म्हणून एक भिंत जराशी वळवलेली. त्या भिंतीपायी मिस्त्री माझ्यावर लय वैतागला होता. सागवानी खिडकीवर बाई डोळे मिटून तळहात फिरवायच्या. कुठं खरखरीत लागलं की म्हणायच्या, "सुतारदादा, हितं अजून पोरगं रुसलंय." सुतार मुकाट्यानं पुन्हा घासायला बसायचा. इतकं मन लावून केलेलं काम माझ्या हातून दुसरं झालेलं नाही.

घर पुरं झालं. किल्ली द्यायला मी त्यांच्या गावी गेले. अण्णा दारातच खाटेवर बसले होते. बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. एवढी करारी बाई, पण आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला.

"अण्णा, जाऊ का मी तिकडं ऱ्हायला?"

"जा की. सकाळी जा, दिवस मावळायच्या आत ये. वस्तीला ऱ्हायचं न्हाई. लोकं काय म्हणतील? भावानं म्हातारी बहीण घराबाहेर काढली म्हणतील."

बाई चहा टाकायला आत गेल्या.

मला संताप आला. एस.टी.पर्यंत पोचवायला आल्या तेव्हा मी म्हटलं, "बाई, तुमचं घर, तुमचा पैसा. कशाला विचारत बसता?"

"त्यानं मला परत आणली तवा गावानं त्याला नावं ठेवली. शिकायला धाडली तवाबी ठेवली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पोरी. आता ह्या वयात मी त्याला अजून बोल ऐकायला लावू?"

एस.टी. आली, मी चढले.

मग बाई दिवसापुरत्या यायच्या. पहाटे गावाहून निघायच्या, साताऱ्याला गाडी बदलायच्या, दुपारी खिडकीत बसायच्या, आणि ऊन कलायच्या आत कुलूप लावायच्या. "ह्या घरात रात्री कसं वाटत असंल गं?" असं एकदा मला विचारलं. रात्रीचा विषय दरवेळी पुढं जायचा. भाच्याचं लग्न होऊ दे, मग. सुनेचं बाळंतपण होऊ दे, मग. "अण्णा हो म्हणंल. त्याला येळ लागतो, पण तो हो म्हणतो," हे त्यांचं पालुपद होतं.

मग त्यांचं हृदय थकलं. सांगलीच्या दवाखान्यात नेलं आणि तिथंच त्या गेल्या. त्या घरात त्यांची एकही रात्र झाली नाही. बातमी कळली तेव्हा मी टेबलावरचे नकाशे बाजूला सारून रडले.

तेरावा झाल्यावर अण्णांचा फोन आला. घर बघायचं म्हणाले. तोवर त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. त्यांच्या मुलानं गाडीनं आणलं, बाईंच्या किल्लीनं मी कुलूप काढलं. अण्णा उंचेपुरे, दारातून वाकून आत आले. भिंतीला हात लावत सगळीकडे फिरले. शेवटी खिडकीपाशी थांबले आणि कितीतरी वेळ खालचं पाणी बघत राहिले.

"तिनं मला विचारलं हुतं, व्हय ना? तुमी हुता तवा."

"हो, अण्णा."

मुलगा बाहेरून म्हणाला, "आवं अण्णा, चला. घाट उतरायचाय, अंधार पडंल."

अण्णा बैठकीवर टेकले. पटका काढून शेजारी ठेवला.

"तू जा रं. सकाळी ये मला न्यायला."

"हितं एकटं? अंथरूण न्हाई, काय न्हाई. लोकं काय म्हणतील?"

"म्हणू देत," अण्णा म्हणाले. "तिची एक रात ऱ्हायलीय हितं. तेवढी मी काढतो."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी किल्ली फळीवर ठेवली आणि त्याला घेऊन बाहेर पडले. गाडी वळेपर्यंत मी मागं बघत होते. 'म्हणू देत', एवढंच तर बाईंना ऐकायचं होतं.