अनुभव काय?

मॅट्रिक होऊन वर्ष उलटलं तरी मी घरीच होतो. शेवटी ठाण्याच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवायला गेलो. टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं, "अनुभव काय?"

माझं डोकंच फिरलं. "नोकरी मिळाल्याशिवाय अनुभव कुठून आणू?"

साहेब चिडले नाहीत. "घरी काय करता?"

"आम्ही खाडीवरचे कोळी. पावसाळ्यात होड्या बंद असल्या की बाबांबरोबर फाटकी जाळी सांधतो. पण ते घरचं. ते काय काम झालं?"

साहेबांनी तडक फोन उचलला. कोलशेतकडच्या एका नव्या गिरणीला तुटलेलं सूत चटकन जोडणारी माणसं हवी होती, आणि आतापर्यंत पाठवलेले उमेदवार गाठ मारतानाच घामाघूम झाले होते.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या मुकादमानं माझ्यासमोर सूत तोडून धरलं. मी जोडलं. त्यानं ओढून पाहिलं आणि पुन्हा तोडलं. मी पुन्हा जोडलं. तो आणखी तोडायला निघाला तेव्हा मीच म्हणालो, "राहू द्या आता, सूत संपेल." तो हसला आणि त्यानं मला मशीनवर उभं केलं.

पुढे गिरणीनंच साहेबांना कळवलं, असलेच आणखी पाठवा. मी कोळीवाड्यातल्या पोरांची अख्खी रांग घेऊन कचेरीत गेलो. सर्वांत पुढे माझा चुलतभाऊ होता. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "अनुभव काय?"

तो छाती काढून म्हणाला, "आज्याच्या आज्यापासूनचा, सायेब!"