भाकरीवरची पाच बोटं

"ये सब क्या है, बेटी?"

डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर मी सहा भाकऱ्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येकीखाली चिठ्ठी. सोमवार, मंगळवार, बुधवार, अशी शनिवारपर्यंत.

"पेशंटचा प्रोग्रेस रिपोर्ट आहे, सर."

साहेब हैदराबादला शिकलेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "रिपोर्ट कागदावर लिहितात. हा तर नाश्ता आहे."

दारात उभा असलेला कंपाउंडर बुधवारकडं टक लावून बघत होता.

साठच्या आगेमागेची गोष्ट. मुंबईला ऑक्युपेशनल थेरपीचा कोर्स करून मी उमरग्यातल्या एका दवाखान्यात नोकरीला लागले होते. आमच्या भागात हा शब्द उच्चारायलाच लोकांना दम लागायचा. माझे वडील सरळ सांगत, "पोरगी कामाची डॉक्टर आहे." बरोबरच होतं की! आमच्याकडं गोळी नाही, इंजेक्शन नाही. पेशंटचं जे काम अडलंय तेच काम आम्ही औषधासारखं मोजूनमापून त्याच्याकडून करून घ्यायचं. शिंप्याला कातर, सुताराला रंधा. कोर्समध्ये आम्ही मेलेल्या माणसाचे स्नायू पाठ केले आणि जिवंत माणसांसाठी टोपल्या विणल्या. आता पुढच्या परीक्षेला बसायचं तर एका पेशंटची पूर्ण केस लिहून मुंबईच्या आमच्या बाईंकडं पाठवायची होती.

ती केस म्हणजे गंगव्वा. साठीची बाई, उमरग्यापासून दोन कोसांवरच्या गावातली. घरी शेती, थोरल्या मुलाचं, सिद्रामाप्पाचं, उमरग्यात भुसार दुकान, आणि तीन सुना. दिवाळीआधी गंगव्वाच्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय सावरले. जिभेला तर काडीचाही धक्का लागला नव्हता. पण उजवा हात अडला. शेवटची दोन बोटं तळहातात मिटून बसलेली, आणि तळवा वर काही होईना.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "अव्वा, या हातानं तुम्हाला काय करायचंय?"

"येळवसंची भाकरी," ती म्हणाली.

येळवस म्हणजे आमच्याकडचा शेतातला सण, मार्गशीर्षातल्या अवसेचा. कडब्याची कोप म्हणजे खोपटं करायचं, चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, भज्जी, आंबील, उंडे, तीळ लावलेली भाकरी, आणि वाटेवरच्या माणसालासुद्धा हाताला धरून जेवायला बसवायचं. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात नैवेद्याची भाकरी गंगव्वाच्याच हातची. एक साल चुकलं नव्हतं.

"यंदा थोरली करंल अन् म्या खाटंवरनं बगत बसू व्हय? त्यापरीस उचला मला!"

हातात दीड महिना होता. मी हरखूनच गेले. भाकरी ही काय साधी गोष्ट आहे? पीठ मळताना मनगट आणि खांदा, थापताना पाची बोटं सरळ, आणि शेवटी तळव्यावर घेऊन तव्यात टाकताना हात उताणा. जे जे अडलं होतं ते सगळं त्यात होतं! आमच्या भाषेत याला ग्रेडिंग म्हणतात, म्हणजे काम सोप्यावरून अवघडावर चढवत न्यायचं. दवाखान्यात पहिला आठवडा नुसतं मळणं करून घेतलं आणि घरी पाठवताना सिद्रामाप्पाला बजावलं. रोज तीन भाकऱ्या करायच्या, त्यातली एक सिद्रामाप्पानं दुकानाला येताना फडक्यात बांधून आणायची.

आणि काय सांगू, पहिल्याच दिवशी चंद्रासारखी भाकरी आली! मी टेपनं मोजली. नऊ इंच. दुसऱ्या दिवशी साडेनऊ. मी मुंबईच्या बाईंना पत्रसुद्धा टाकून मोकळी झाले, "प्रकृती आश्चर्यकारक वेगाने सुधारत आहे."

तर त्या सहा भाकऱ्या साहेबांपुढं होत्या. त्यांनी सोमवारचा तुकडा मोडला. मग मंगळवारचा. मग बुधवारचा, तेव्हा कंपाउंडरनं सुस्कारा सोडला.

"एक जाड, एक पातळ, एक कडेला जळकी," साहेब म्हणाले. "बेटी, तुझ्या पेशंटला हात किती आहेत?"

मी गुरुवारची भाकरी उचलून खिडकीशी नेली. पिठावर बोटांचे ठसे होते. पाच. सरळ, एका ओळीत. अगं बाई! जिची दोन बोटं मिटलेली, तिचे पाच ठसे उठतील कसे? आणि मुंबईला गेलेलं ते पत्र!

तशीच पिशवीत भाकऱ्या कोंबून मी एस.टी. पकडली. घरात पाऊल टाकलं तर गंगव्वा खाटेवर दोन उशांना टेकून बसलेली, आणि चुलीपुढं तिघी सुना. धाकटी थापत होती. मला बघून तिचा हात तसाच पिठात राहिला.

"आज हिची पाळी व्हय?" मी विचारलं.

थोरली पदर सावरत पुढं आली. "बाई, तुमीच सांगा. तीन तीन सुना धडधाकट असताना आजारी सासूला चुलीपुढं बसवली तर गाव शेण घालंल आमच्या तोंडात. म्हणून म्हटलं, भाकरी पोचल्याशी मतलब."

घ्या! आठवडाभर माझी थेरपी चालू होती, आणि तिघी सुनांचे हात मस्त सुधारले होते. मी कपाळाला हात लावला.

"कसली भाकरी? कुठं पोचली?" खाटेवरून आवाज आला. गंगव्वाच्या कानावर काहीच येऊ दिलं नव्हतं. तिला सांगितलं होतं, डॉक्टरीणबाईनं आराम सांगितलाय.

मी पिशवी तिच्यापुढं रिकामी केली. तिनं डाव्या हातानं मंगळवार उचलली. उलटी केली. कड दाबून बघितली. मला वाटलं, फसवलं म्हणून रडणार आता.

"ही?" ती कडाडली. "ही असली जाडी भाकरी माझ्या नावानं दवाखान्यात दिली? मोठ्या डॉक्टरनं बघितली? शिव शिव शिव! माझी इज्जत घालवली गं!"

मधली तोंडात पदर कोंबून हसत होती. मंगळवार तिची नव्हती.

पण गावाच्या तोंडाचं काय करायचं? सुनांचं म्हणणंही खोटं नव्हतं. मला एकच खरं कारण सुचलं. "अव्वा, मला भाकरी येत नाही. मला शिकवाल?"

"इतकं शिकलीस अन् भाकरी येत न्हाय?" अर्ध्या तासात ही बातमी गावभर. सासू चुलीपुढं बसली ती कामाला नाही, डॉक्टरणीला शिकवायला! सुनांची मान ताठ झाली. शिवाय मी खोटं काहीच बोलले नव्हते. माझी पहिली भाकरी काटवटीतून उचलता उचलता तीन ठिकाणी फाटली.

दिवसाआड मी जात राहिले. मी थापायची आणि ती ओरडायची. "बेडा, बेडा! तसं नको! बोटं पसर! भाकर हाय ती, गोवरी न्हाय!" चौथ्या दिवशी तिला माझं थापणं बघवेना. "सरक तिकडं," म्हणाली आणि दोन्ही हात पिठात घातले. उजवासुद्धा! तो आजारी आहे हे ती रागाच्या भरात विसरली होती. मी सुनांना डोळ्यांनीच दटावलं. भाकरी झाली वेडीवाकडी, दोन बोटांच्या जागी दोन भोकं पडलेली. मला नाचावंसं वाटलं. सिद्रामाप्पाबरोबर ती मी साहेबांना पाठवली, आणि मुंबईला दुसरं पत्र लिहून पहिलं रद्द केलं.

पुढं भोकांच्या खळ्या झाल्या आणि खळ्यांचे ठसे. पण तळवा उताणा होईना. भाकरी उचलली की उजवीकडून फाटायचीच. सणाच्या आदल्या दिवशीसुद्धा फाटली. त्या दिवशी गंगव्वा ओरडली नाही. नुसती तव्याकडं बघत राहिली, आणि मला फार वाईट वाटलं.

येळवसंच्या सकाळी सगळं घर चुलीभोवती गोळा झालं. पहिली भाकरी उचलली आणि फाटली. थोरलीचा हात आपोआप पुढं गेला. मी तिचं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं.

गंगव्वानं दुसरा गोळा घेतला. थापली, तीळ दाबले. डावा हात खाली घातला, मग उजवा. उजवा थरथरत, हळू हळू वळला. तळवा वर आला! भाकरी तव्यावर पडली, एका कडेला दुमडलेली, पण अख्खी. सिद्रामाप्पा एवढा बाप्या, ढसाढसा रडला. थोरली रडली, मी रडले. गंगव्वा तेवढी रडली नाही. "पाणी फिरवा गं कुणीतरी, करपंल!" म्हणाली.

पांडवांपुढं तीच भाकरी ठेवली. माझी केस मुंबईला पास झाली. पुढं तीस वर्षं हाच धंदा केला आणि एवढं शिकले, की पेशंटचा हात सोडवायचा तर आधी घरच्यांचे धरावे लागतात.

पंधरा दिवसांनी थोरली दवाखान्यात आली. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "बाई, आता अव्वा आमाला चुलीला शिवू देत न्हाय. रोज आमच्या भाकरीला नावं ठेवती. तिला थांबवायचा काय इलाज हाय का?"

मी म्हटलं, "न्हाय. तेवढा कोर्स अजून निघाला नाही."