टांझानियाची पाच नाणी आणि राहिलेला एक जबाब

ती घटना आठवायला मला आजही जुनी डायरी उघडावी लागत नाही. नोकरीत खून पाहिले, दर्यात गेलेल्या माणसांचे पंचनामे केले. पण एका निरपराध बाईला चोर ठरवण्याच्या इतक्या जवळ मी दुसऱ्या कुठल्याच प्रकरणात गेलो नव्हतो.

तेव्हा मी सिंधुदुर्गात किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपून बीटचे कर्मचारी बाहेर पडत होते, तेवढ्यात एक निवृत्त गृहस्थ आत आले. व्यापारी जहाजांवर त्यांनी इंजिनिअर म्हणून आयुष्य काढले होते. गाव त्यांना काका म्हणे. पूर्व आफ्रिकेच्या फेऱ्यांत त्यांना टांझानियाच्या स्मारक सोन्याच्या नाण्यांचा नाद लागला होता. वन्यप्राण्यांची, स्वातंत्र्याच्या वर्धापनदिनाची, अशी अगदी मोजकी काढलेली नाणी त्यांनी वर्षानुवर्षे जमवली होती. त्यांतली पाच गेली होती.

फिर्याद लिहून घेताना मी सवयीने वजन विचारले. इतका वेळ प्रमाण मराठीत बोलणारे काका एकदम मालवणीवर आले.

"वजन कसला विचारतास, साहेब? त्यां सोनां नाय, त्यां नाणां आसा! उघड्या बोटान धरलां तरी भाव उतरता. मी हातमोजे घालून बघतंय."

घरी जाऊन पंचनामा केला. सागवानी पेटीत प्रत्येक नाण्याला पारदर्शक गोल डबी होती. पाच डब्या रिकाम्या, पण झाकणे नीट लावलेली. कुलूप शाबूत. किल्ली देवघरातल्या खुंटीवर. घरात माणसे तीनच: काका, काकी आणि बारा वर्षे कामाला येणारी तोंडवलीची एक बाई. काकी भाचीच्या लग्नाला मुंबईला गेल्या होत्या आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिथेच राहिल्या होत्या.

"काकींचा जबाब लागेल," मी म्हणालो.

"तो कित्याक? मी सांगतंय ना. तिका ह्येच्यातला कायेक कळणा नाय. उगाच घाबरात."

मला ते पटले. आमच्याकडे बायकोचा जबाब नवरा देतो आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. मी पदवीधर, पोलीस अकादमीत शिकलेला, तरी मलाही वाटले नाही.

नोकराने केलेली चोरी, कलम ३८१, असा गुन्हा दाखल झाला. दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन तोंडवलीला त्या बाईच्या घराची झडती घेतली. तांदळाचे डबे, गोधड्या, मुलीची नर्सिंगची पुस्तके, सगळे उलटेपालटे केले. हाती काही लागले नाही. पण खळ्याच्या, म्हणजे घरापुढच्या अंगणाच्या, कडेला सगळी वाडी जमली होती. बाई मालवणात आणखी दोन घरी कामाला जात असे. त्या दोन्ही घरांनी त्याच संध्याकाळी निरोप पाठवला, उद्यापासून येऊ नकोस.

नाण्यांचे वर्णन आम्ही जिल्ह्यातल्या सोनारांना कळवले होते. चौथ्या दिवशी कसालहून एका सोनाराचा फोन आला. वाघासारखे जनावर असलेले एक नाणे आणि आणखी चार, अशी पाच नाणी एका बाईने आणली होती. त्याने त्यांना कड्या जोडून, पुतळ्यांच्या माळेसारखी रेशमी गोफात ओवून दिली होती. मी दुपारीच त्याला बोलावून घेतले. झडतीपासून रोज चौकशीला बोलावून व्हरांड्यात बसवलेल्या त्या बाईकडे बघून तो म्हणाला, "हीच ती."

हवालदार खूश झाला. "साहेब, झाला काम. आता फक्त माळ खंय आसा, ताच काढूचा."

मलाही तसेच वाटले. महिला कॉन्स्टेबल शेजारी बसवून मी चौकशी सुरू केली. ठाण्यात प्रमाण मराठीत प्रश्न विचारला की माणूस अर्ज लिहिल्यासारखे बोलतो, हा माझा अनुभव. म्हणून मी मालवणीत विचारले. मी याच जिल्ह्यातल्या नांदगावच्या बाजूचा. ती भाषा माझ्या आईची.

"नाणी तू कसालाक नेलंस?"

"नेलंय."

"चोरलंस?"

"नाय. सायबांनू, मी चोरूक नाय."

"मगे तुका दिली कोणी?"

पुन्हा विचारले, दरडावून विचारले. ती खाली बघत राहिली. शेवटी एवढेच म्हणाली, "काकीक येवंदेत."

"काकीचो आडोसो घेतंस काय गो?" हवालदार म्हणाला. "ती बिचारी डोळ्यांक पट्टी बांधून बसली हा."

त्यावरही तिने कोणाचे नाव घेतले नाही. तिथे माझी खात्री पहिल्यांदा हलली. ज्याला काहीच माहीत नसते तो अंदाज बांधतो. वायरमन आला होता, अमक्याचा मुलगा येतो-जातो, असे दहा जणांकडे बोट दाखवतो. खरा चोर तर पंधरा जणांकडे दाखवतो. या बाईने चार दिवसांत एकाचेही नाव घेतले नव्हते. म्हणजे तिला नाव माहीत होते.

सोनार अजून बाहेरच होता. मी त्याला विचारले, "माळेची लांबी किती, ते कोणी सांगितले?"

"दोरो दिल्यान होतो ना, साहेब. गळ्याच्या मापाचो."

चोर सोने वितळवायला आणतो. गळ्याचे माप आणत नाही. ही नाणी कुणाला तरी घालायची होती. आणि त्या घरातला एक जबाब मी घेतलाच नव्हता.

काकांना न विचारता मी मुंबईला फोन लावला. काकींनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग इतक्या मोठ्याने बोलल्या की मला फोन कानापासून दूर धरावा लागला.

"तिका ठाण्यात बसवलात? माझ्या माळेसाठी? तिका घराक धाडा. मी येतंय."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या रेल्वेतून उतरून थेट ठाण्यात आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात ती माळ. काकांना आणि त्या बाईला मी बोलावून ठेवले होते.

"ही बघा तुमची चोरी," काकी नवऱ्याला म्हणाल्या. "गळ्यात घालून इलंय."

काका खुर्चीतून उठले. "अगो, ह्यां काय केलंस! चित्त्याच्या डोक्यार कडी! सगळो भाव गेलो ह्येचो!"

"आणि माझ्या आवशीच्या पुतळ्यांका भाव नाय होतो? ती माळ मोडून तुम्ही पयलां नाणां घेतलात. फुडच्या बोटीक नवी करतंय म्हणालात. किती बोटी इल्यो आणि गेल्यो!"

काका खाली बसले. लग्नात आईने घातलेली माळ नवऱ्याने मोडली होती, आणि त्या सोन्याची आठवण काकींनी तीस-पस्तीस वर्षे मनात ठेवली होती. भाचीच्या लग्नात तशी एक माळ आपल्या गळ्यात असावी एवढीच त्यांची इच्छा. गुडघ्यांमुळे त्यांना कसालला जाववत नव्हते, म्हणून बाईला पाठवले. परत आल्यावर नवऱ्याला स्वतः सांगायचे ठरवले होते. तोवर कुणाला बोलायचे नाही, अशी बाईला ग्रामदेवतेची शपथ घातली होती.

काकी तिच्याकडे वळल्या. "अगो, पण इतक्या झाल्यार तरी बोलाचा होतास!"

"शपथ तुम्ही घातल्यात, काकी," ती म्हणाली. "मोडूची कोणी?"

काकांनी फिर्याद गैरसमजातून दिल्याचा पुरवणी जबाब लिहून दिला. गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला, असे सांगणारा 'क' वर्ग समरीचा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि तो मंजूर झाला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले.

पण समरीचा कागद वाडीत कोण वाचणार? माझी आई काजूच्या कारखान्यात जायची. तिथे एकदा एका बाईवर चोरीचा आळ आला, नंतर तो खोटा निघाला, तरी तिच्या शेजारी डबा उघडून कोणी बसत नसे, हे मी लहानपणी ऐकले होते. शिकून मी खुर्चीवर बसलो ते आईच्या हातांच्या बळावर. या प्रकरणाने मला शिकवले की जबाब कोणाचाही राहू देऊ नये. आणि हेही, की संशय आपण चारचौघांत नेतो, तर निर्दोषपणा टपालाने पाठवून भागत नाही. तोही चारचौघांत नेण्याची तरतूद कुठल्याही नियमावलीत नाही. ती ज्याची त्याने करायची असते.

मी पूर्ण गणवेशात, झडतीचे तेच दोन पंच आणि काका-काकींना घेऊन तोंडवलीला गेलो. जीप पाहून वाडी पुन्हा जमली. मी मोठ्याने सांगितले की या बाईने काहीही चोरलेले नाही, चूक आमची होती. काकांनी हात जोडले. बाईला येऊ नकोस म्हणणाऱ्या मालवणच्या दोन घरांपैकी एका घरची मालकीणही आमच्याबरोबर आली होती; काकींनीच तिला ओढून आणले होते.

मी आत जायला पायरीवर पाय ठेवला, तर बाईने अडवले.

"आत नको, सायबांनू. खुर्ची खळ्यातच घालतंय. चाय सगळ्यांच्या समोर घेवा."

मी खळ्यात बसलो. ती मालकीण पुढे होऊन हळूच म्हणाली, "उद्यापासून येतलंस ना गो कामाक?"

"बघतंय," ती कप भरता भरता म्हणाली. "आधी सायबांका चाय तर पिवंदे."