वळखलं

दिग्रसकडचे चार म्हातारे लग्नात एकत्र बसले की अजूनही तो किस्सा निघतो. नकली कंडक्टरचा. एका शिंप्यानं खाकी कोट घालून बसस्टँडवर लोकांना कसं गंडवायला घेतलं आणि लोकांनी त्याला कसं बदडलं, हे हसत हसत सांगतात. मागच्या महिन्यात माझ्यासमोर सांगणारा तर त्या दिवशी गावातही नव्हता. मी भरल्या ताटावरून उठलो. इतकी वर्षं हे खोटं मी ऐकून घेतलं, कारण ते माझं आहे.

तो शिंपी माझा मित्र. विशीतच उत्तम कोट शिवायचा. त्याची जन्मतारीख घरी कुणाला ठाऊक नव्हती; शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजानं एक लिहून टाकली. तो म्हणायचा, वाढदिवसच नकली, तर माणूस कायले खरा पाहिजे? म्हणून छप्पन-सत्तावनपासून दर वर्षी त्या दिवशी तो सोंग काढायचा. कपडे स्वतःच शिवायचा. आम्ही चार मित्रांनी त्याला दिवस मावळायच्या आत गावभर हुडकायचं. एका वर्षी कापूसबाजारात गाडीवान झाला. एका वर्षी हकीम होऊन माझ्याच वडिलांची नाडी पाहून गेला. दिसला की तो पळायचा, आम्ही मागे. पकडायची गरज नसे. 'वळखलं!' एवढं ओरडायचं. मग तो असेल तिथे थांबायचा, डोक्यावरचं काढायचा आणि आम्हाला जिलेबी द्यायचा.

साठच्या सुमाराला तो कंडक्टर झाला. पितळी बटणांचा खाकी कोट, टोपी, चिकटवलेली मिशी, खांद्याला चामडी पिशवी. पुसदच्या बसजवळ उभा राहून हाका देत होता. मी समोरून दोनदा गेलो. दुसऱ्यांदा त्यानं मला दटावलं, 'लायनीत लागा, भाऊ,' आणि मी मुकाट्यानं लागलो. मग त्याची मिशी हलली. तो हसू दाबत होता.

माझं डोकं फिरलं. चार लोकांत त्यानं मला बावळट ठरवलं होतं. तो शब्द माझ्या तोंडाशी होता. मी ओरडलो, 'चोर! हा कंडक्टर नाही, चोर व्हय!'

तो पळाला. खेळ समजून हसत पळाला, हे मी अजून विसरलो नाही. मागे लायनीतली माणसं, हमाल, भाजीवाले. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी त्याला गाठलं. कुणाच्या तरी काठीनं त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मोडला. ज्या अंगठ्यावर कात्री चालायची, तो. पिशवीत एकही तिकीट नव्हतं. जिलेबीच्या चार पुड्या होत्या. त्या पायदळी गेल्या.

बाकीचे तिघे तेव्हा कापूसबाजारात त्याला शोधत होते. चौकीत जमादारानं मला विचारलं, 'हा म्हणते, तुमचा खेळ होता. तू वळखतं का याले?'

तो हात पोटाशी धरून बाकावर बसला होता. म्हणाला, 'सांग ना बे. तो शब्द म्हण, झालं.'

माझा मास्तरकीचा हुकूम यायचा होता. मारहाणीच्या भानगडीत नाव नको होतं.

'मी याले वळखत नाही,' मी म्हणालो.

त्याला दोन दिवस बसवून ठेवलं. बाकीच्या तिघांनी खरं सांगितलं, तेव्हा जमादारानं सोडलं; पण गावाला ते ऐकायचंच नव्हतं. ज्यांनी हात उचलला होता, त्यांना तो चोरच असायला हवा होता. तेच लोक त्याच्या दुकानात कापड टाकेनासे झाले. आणि मी शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवत राहिलो. त्या लोकांची चीड येते. माझी तर किळस येते.

तो पांढरकवड्याला गेला. तीन-चार वर्षांनी शाळेच्या कामासाठी मी तिथे गेलो, तेव्हा हायवेच्या कडेला तो ट्रकची ताडपत्री शिवताना दिसला. जाड दाभण डाव्या हातात. उजवा अंगठा आडवाच राहिलेला. मी पलीकडून घाईनं निघालो होतो. त्यानं मान वर केली.

'वळखलं,' तो म्हणाला. ओरडला नाही.

मी थांबायला हवं होतं. माझ्याही डोक्यावर टोपी होती. ती तशीच ठेवून मी बस पकडली.