झाकून ठेवलेली खिचडी

जुन्नरच्या पेठेत आमच्या जैन संघाचा हॉल आहे. दर हिवाळ्यात, भाताची झोडणी उरकली की तिथे मोतीबिंदूचं शिबिर भरतं. डोंगराकडची म्हातारी माणसं आदल्या दिवशी येतात, हॉलमध्ये मुक्काम करतात आणि पहाटे बस त्यांना ऑपरेशनला पुण्याला नेते. एरवी आमच्या गावात फ्लेक्स कुठे लावायचा यावरूनही भांडणं होतात. शिबिरात मात्र मी कुणाला कुरकुरताना पाहिलेलं नाही. मंडपवाला गाद्या आणून टाकतो आणि आभार मानायच्या आत निघून जातो. कॉलेजच्या मुली ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्या बाजूच्या भुवईवर चिकटपट्टी लावतात आणि लावण्याआधी "आजी, हाच ना?" असं दोनदा विचारतात. स्वयंपाकघर आमच्या शेजारच्या काकींकडे असतं. त्यांचा स्वतःचा उपवास असला, तरी चव न घेता घातलेलं त्यांचं मीठ कधी चुकत नाही. अशा माणसांमध्ये राहून मी जे केलं, ते एकदा लिहून टाकायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी काकींचे गुडघे धरले आणि त्यांनी संध्याकाळचं स्वयंपाकघर माझ्यावर सोपवलं. आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत सगळं आटोपतं. मी स्वतः कित्येक वर्षं सूर्य मावळल्यावर पाणीही पीत नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. त्या दिवशी घाटघरची एसटी वाटेत बंद पडली. तिथली माणसं आली तेव्हा दिवेलागण झाली होती. पातेल्यात खिचडी उरली होती. सकाळी गोशाळेत पाठवायची म्हणून मी ती झाकून ठेवली होती. दारात उभं राहून मी सांगितलं की स्वयंपाक आटोपला, आता जेवण मिळणार नाही.

सगळ्यांत पुढे एक म्हातारी होती. दोन्ही डोळ्यांत पांढरं उतरलेलं, हात सुनेच्या खांद्यावर. तिने स्वयंपाकघराकडे तोंड वळवलं.

"वास तर येतोय, राव."

मी म्हणालो, आमचा नियम आहे.

"नियम तुमचा. आमी कुठं घेतला व्हता?"

मी स्वयंपाकघराच्या दाराला कडी लावली. त्यांनी गाठोड्यातल्या नाचणीच्या भाकरी सोडल्या आणि पाण्याबरोबर खाल्ल्या. पहाटे बस भरली तेव्हा म्हातारी आणि तिची सून नव्हत्या. पहिल्या एसटीने त्या घरी परतल्या होत्या. यादीत तिच्या नावापुढे मी "आली नाही" असं लिहिलं. खिचडी गोशाळेत गेली.

भाद्रपदात संवत्सरी आली. त्या दिवशी आम्ही वर्षभरातल्या चुकांची सगळ्यांकडे क्षमा मागतो. मी फोनमधल्या प्रत्येकाला एकच मेसेज पाठवला आणि रिवाजाप्रमाणे काकींच्या पाया पडायला गेलो. त्या हसून म्हणाल्या, माझं काय बिघडवलंस तू? तेव्हा मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं.

काकींनी मला समोर बसवलं. मग म्हणाल्या, "गाईंची आठवण ठेवलीस, माणसांची नाही. हॉलमध्ये वाढायचं नव्हतं तर समोर शाळेचा व्हरांडा होता. शिजवलेलं तर दिवसाचंच होतं ना?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "माझ्या पाया पडून काय होणार? घाटघरला जा."

दोन दिवसांनी गेलो. पाऊस चालू होता, खाचरांत भात उभा होता. म्हातारी ओट्यावर बसून चाचपत घेवड्याच्या शेंगा मोडत होती. मी हात जोडले, मग लक्षात आलं की तिला ते दिसत नाहीत. म्हणून तोंडाने सांगितलं. पातेल्यात खिचडी होती, हेही सांगितलं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "भुकंचं काय न्हाई. कडी लावल्याली आयकली, त्याचा लई राग आला."

मी म्हणालो, या वर्षी या.

"आन गाडी पुन्ना बंद पडली तर?"

मी शाळेच्या व्हरांड्याचं सांगितलं. दिवस असतानाच वेगळं पातेलं काढून ठेवीन, कितीही उशीर झाला तरी वाढीन. तिने मान हलवली आणि घरात सुनेला हाक मारून म्हणाली, "जाऊ आपन. पन भाकरी बांद गं. पावण्याचा भरवसा न्हाई."

त्या हिवाळ्यात गाडी वेळेवर, उन्हं असतानाच आली. सगळे पंगतीत जेवले. व्हरांड्यात ठेवलेल्या पातेल्याला कुणाला हातही लावावा लागला नाही. तिचा उजवा डोळा झाला. चौथ्या दिवशी काळा चष्मा लावून ती पुण्याहून परतली, तेव्हा मी एसटी स्टँडवर गेलो होतो. आवाजावरून तिने मला ओळखलं आणि मग नीट पाहिलं.

"तुमी व्हय ते? मला वाटलं व्हतं, चांगला थोराड गडी आसंल."

सून हसली. मीही हसलो. मग म्हातारी सहज म्हणाली, "मधी उन्हाळ्यात नातीचं लगीन झालं. निसतं वाजंत्री आयकून झालं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. तिने सुनेला मोबाइल काढायला लावला आणि चष्मा कपाळावर सरकवून लग्नाचे फोटो पाहू लागली. ही कोण, तो कोण, पिवळं लुगडं कुणी नेसलंय, असं विचारत राहिली. डॉक्टरांनी उजेड टाळायला सांगितला होता, म्हणून मी माझी छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली. गाडी लागेपर्यंत ती फोटो पाहत होती.