आधी पाहुण्यांचं विमान

दोन गोष्टी एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत, एवढ्या एका कामासाठी अल्लाने ज्याला जन्माला घातलं, असा सबंध औरंगाबादेत एकच माणूस होता आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. सगळी गल्ली त्यांना मामू म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी लग्न होऊन फुलंब्रीहून नुकतीच शहरात आले होते. पहिल्याच आठवड्यात पाहिलं, तर हा उंचापुरा माणूस गल्लीच्या तोंडाशी हात वर करून उभा आणि त्याच्यासमोर गवळ्याची म्हैस मुकाट थांबलेली. पुढची म्हैस पार वळणाआड गेली, तेव्हा कुठं यांनी हात खाली केला. गवळी म्हणाला, "मामू, अहो म्हशी हायत, इमानं नायत!" मामूंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की मला त्या बिचाऱ्याचीच कीव आली.

कारण मामूंची नोकरी तीच होती. जालना रस्त्यावरच्या माळावर विमानं उतरायची. आजच्यासारखी यंत्रं तिथं कुठली! लाकडी मचाण, त्यावर मामू आणि त्यांच्या हातात मोठा दिवा. तांबडा दाखवला की वैमानिकानं वरच घिरट्या घालायच्या, हिरवा दाखवला की उतरायचं. बहुतेक दिवस एखादंच विमान यायचं. पण दोन आली, की मामूंच्या अंगात वारं शिरायचं. एकदा मी वांगी चिरत बसले होते, तर त्यातली दोन उचलून त्यांनी मला सगळं शास्त्र शिकवलं. एक वांगं जमिनीवरून सरकत बाजूला गेलं, त्याची मुरमाची धूळ बसली, की मगच दुसऱ्यानं खाली यायचं. "फासला, बेटी! बीच में फासला नहीं रहा तो दोनों गये." एवढं होऊन वांगी परत देताना तीसुद्धा एकेक करून दिली.

ताटात वरण भाताला लागलेलं त्यांना खपत नसे. एका वेळी दोन प्रश्न विचारले, तर दुसऱ्याचं उत्तर मिळत नसे. एकदा माझ्या सासूबाई आणि त्यांची बहीण ओसरीवर एकदमच भांडत होत्या, कुणाचं कुणाला ऐकू जात नव्हतं. मामू दारात येऊन गंभीरपणे सासूबाईंना म्हणाले, "आपा, तुम जरा ऊपर दो चक्कर मारो, पहले इनकू उतरने दो." भांडण कसलं राहतंय! सासूबाई पदर तोंडाला लावून हसत आत पळाल्या.

आणि दुसरा त्यांचा हट्ट म्हणजे पाहुणचार. त्यांच्या दस्तरख्वानावर, म्हणजे जेवायच्या चादरीवर, घरच्यांनी बसायचं ते सगळे पाहुणे उठल्यावर. ईदेला आम्ही शेजारचे पोटभर खीर खायचो आणि त्यांची एकुलती एक मुन्नी तिकडे दाराशी ताटकळत उभी असायची. मुमानी, म्हणजे मामूंच्या बेगम, कुरकुरायच्या, "पोरीला भूक लागली ना हो!" यांचं ठरलेलं उत्तर, "पहले मेहमान, बाद में अपन." मला हे लई आवडायचं. तेव्हा आवडायचं.

मुन्नी लग्न होऊन हैदराबादला गेली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मुमानींना विषमज्वर झाला. पंधरा दिवसांत त्या अंथरुणाला अशा खिळल्या, की डॉक्टरांनी मामूंना बाजूला घेऊन सांगितलं, मुलीला बोलवा, वेळ घालवू नका. मामूंनी जन्मात कधी विमानतळाच्या साहेबाकडे काही मागितलं नव्हतं, ते त्या दिवशी हात जोडून उभे राहिले आणि मुन्नीला हैदराबादच्या विमानात जागा मिळाली. ती येणार त्या दिवशी मामू कामावर गेले. न जाऊन काय करतील? दिवा दाखवायला दुसरं कोण होतं!

मी मुमानींच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत बसले होते. दुपारी आभाळात घरघर ऐकू आली. त्यांनी डोळे उघडले. किती दिवसांनी त्या चेहऱ्यावर हसू दिसलं, बाई! म्हणाल्या, "आ गई मेरी मुन्नी."

पण घरघर थांबेना. विमान लांब जायचं, परत आमच्या डोक्यावर यायचं. एकदा, दोनदा, पाचदा. मुमानींची नजर छताला लागलेली. मग त्या हळूच म्हणाल्या, "ये उसकू उतरने कायकू नहीं देते?"

त्यापुढं त्या बोलल्या नाहीत. विमानाचा आवाज यायचा थांबला, त्याच्या आधीच माझ्या हातातला त्यांचा हात सैल पडला होता. मुन्नी टांग्यातून धावत आली, तेव्हा आम्ही चेहऱ्यावर चादर ओढलेली होती.

काय घडलं ते मामूंनीच तिसऱ्या दिवशी मला सांगितलं. दोन विमानं बरोबरीनं आली होती. एक मुंबईहून, वेरूळ बघायला येणाऱ्या पाहुण्यांचं; दुसरं हैदराबादहून, मुन्नीचं. कुणालाही आधी घेतलं असतं तरी चालत होतं, कायद्यात दोन्ही बसत होतं. "पण एकात माझी लेक होती ना, बेटी. मग ते घरचं झालं." त्यांनी पाहुण्यांना हिरवा दाखवला. ते विमान उतरलं आणि धावपट्टीच्या मधोमध त्याचं चाक मुरमात रुतलं. माणसं लावून ढकलेपर्यंत पाऊण तास गेला. पाऊण तास हा माणूस स्वतःच्या लेकीला तांबडा दिवा दाखवत मचाणावर उभा होता. खाली आल्यावर सगळ्यात आधी त्यांनी पाहुण्यांची माफी मागितली म्हणे. कर्म माझं!

सांगून झालं आणि त्यांनी विचारलं, "तू जवळ होतीस. तिनं विमान ऐकलं?"

"ऐकलं, मामू. म्हणाल्या, आ गई मेरी मुन्नी."

"फिर?"

"मग झोप लागली त्यांना."

मुन्नीनं बापाला शब्दानंही दुखावलं नाही. पण वर्षभरानं ती त्यांना कायमचं हैदराबादला घेऊन जाईपर्यंत मामू मधूनमधून दाराशी यायचे, तेच विचारायचे. मुमानींचं ते पहिलं वाक्य ऐकायचे आणि "फिर?" म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मी दर वेळी तेच सांगितलं. मामू जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. खोटं बोलल्याचं पाप लागत असेल तर लागो मला. उद्या वर भेटले आणि पुन्हा विचारलं, तरी मी हेच सांगणार आहे, की मामू, मग झोप लागली त्यांना.